सोसायटीच्या कागदपत्रांतील तांत्रिक शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांमध्ये काही तांत्रिक शब्द दरवर्षी न चुकता चर्चेला येतात : वीजबिलावरचा मंजूर भार, पंपाचा हेड, धरणातील दशलक्ष घनमीटर, संरचनात्मक तपासणीच्या अहवालातील सी-२बी. शब्द सर्वांच्या कानावरून गेलेले असतात. वाद होतो तो आकड्यावरून, आणि आकड्यापुढचे एकक कोणते, तो कुठून मोजला व किती वेळासाठी मोजला हे कोणी पाहिलेले नसते. खालील उत्तरे लिहिताना भर त्यावरच ठेवला आहे.

किलोवॅट आणि युनिट ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का?

नाहीत. किलोवॅट हे शक्तीचे एकक आहे. एखादे उपकरण त्या क्षणी किती वेगाने वीज घेत आहे ते त्यावरून कळते. बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजेच ठरावीक काळात वापरलेली एकूण ऊर्जा. मोटारीतील वेगाचा काटा आणि एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. ‘किलोवॅट प्रति तास’ असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, पण ते चूक आहे. येथे गुणाकार अभिप्रेत आहे, भागाकार नव्हे.

पंधरा लिटरच्या गिझरचे उदाहरण घेऊ. नळाचे पाणी २५ अंश सेल्सिअसचे असून ते ५५ अंशांपर्यंत तापवायचे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणून पंधरा लिटरसाठी आणि तीस अंशांसाठी सुमारे १८८५ किलोज्यूल लागतील. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. थोडक्यात, बादलीभर कढत पाण्याला अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज लागते. दोन किलोवॅटचा गिझर हे काम सुमारे सोळा मिनिटांत करील आणि तीन किलोवॅटचा साडेदहा मिनिटांत. युनिट मात्र दोघांतही तेवढेच पडतील. ‘मोठ्या किलोवॅटचा गिझर बिल वाढवतो’ हा समज त्यामुळे खरा नाही. बिल वाढते ते गिझर तासन्‌तास चालू ठेवल्याने, कारण टाकीतून बाहेर जाणारी उष्णता तो पुन्हापुन्हा भरून काढत राहतो.

किलोवॅटचा संबंध आहे तो वायरिंगशी. २३० व्होल्टवर तीन किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर लागते. बिलावरचा मंजूर भार हाही किलोवॅटमध्येच असतो, कारण एकाच वेळी किती उपकरणे चालतील यावर तो ठरतो. महिन्याच्या एकूण वापराशी त्याचा थेट संबंध नाही.

गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले. मग दिवसाला बहात्तर युनिट का मिळत नाहीत?

तीन गुणिले चोवीस हा हिशेब सभेत खरोखर मांडला जातो, आणि मांडणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. गुणाकार बरोबरच आहे. मात्र पॅनेलवर लिहिलेले किलोवॅट हे प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत मोजलेले असतात : दर चौरस मीटरला १००० वॅट इतके ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. गच्चीवर अशी वेळ दिवसात फारशी येत नाही. ढोबळ मानाने एक किलोवॅटच्या पॅनेलकडून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट धरतात, म्हणजे तीन किलोवॅटला बारा. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरेच कमी मिळतात. मे महिन्यात ऊन भरपूर असते, पण पॅनेल तापते आणि तापमानाच्या प्रत्येक वाढीव अंशामागे सिलिकॉन पॅनेलची शक्ती एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा किंचित जास्त घटते. घोडबंदर रोडसारख्या, बांधकामाची धूळ असलेल्या भागात पॅनेल धुण्याची जबाबदारी कोणाची, हे पॅनेल बसवण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

कॉमन मीटरच्या बिलात केव्हीए आणि पॉवर फॅक्टर हे शब्द दिसतात. ते काय आहेत?

लिफ्ट आणि पंप यांच्या मोटारींना फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते. त्यासाठीची ऊर्जा विजेच्या प्रत्येक आवर्तनात मोटारीकडे जाते आणि परत येते. तिच्यामुळे पाणी वर चढत नाही, पण तिला वाहून नेण्यासाठी तारेतून जादा प्रवाह मात्र वाहतो. प्रत्यक्ष कामाला आलेली शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. विजेचा दाब (व्होल्ट) आणि प्रवाह (अँपिअर) यांचा सरळ गुणाकार केव्हीएमध्ये, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये मोजतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. दहा किलोवॅटचे काम ०.८ पॉवर फॅक्टरने होत असेल, तर तारेवर साडेबारा केव्हीएचा भार पडतो. मोटारीजवळ योग्य मापाचा कपॅसिटर बसवला की ही ये-जा मोटार आणि कपॅसिटर यांच्यातच राहते. महावितरणने उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीए-तासांवर आकारण्यास सुरुवात केली, म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत हा शब्द रोजचा झाला आहे. घरगुती ग्राहकाने त्याची चिंता करण्याची गरज नाही.

पंपावर पाच घोडेशक्ती आणि ‘हेड ४५ मीटर’ असे लिहिले आहे. यावरून पंप चांगला चालतो आहे की नाही हे कसे ओळखावे?

एक घोडेशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून पाच घोडेशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती आहे. मीटरमधून मोटार त्याहून अधिक घेते. हेड म्हणजे पंप पाणी किती उंचीपर्यंत चढवू शकतो ते, आणि त्यात नळातील घर्षणामुळे होणारी घटही धरावी लागते. पंपावर लिहिलेला सर्वांत मोठा हेड आणि सर्वांत मोठा प्रवाह हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. उंची वाढली की प्रवाह घटतो, आणि विक्रेता नेमके एवढेच सांगायला विसरतो.

बारा मजली इमारतीत जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत, सुमारे चाळीस मीटर उंच, वीस हजार लिटर पाणी चढवायचे आहे असे धरू. वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार केल्यास सुमारे ७८.५ लाख ज्यूल येतात, म्हणजे २.२ युनिट. याहून कमी विजेत ते पाणी कोणत्याही कंपनीचा पंप वर नेऊ शकणार नाही. पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता पन्नास टक्के धरली, तर ४.४ युनिट लागतील. वॉचमनच्या वहीत पंप चालू-बंद केल्याच्या वेळा असतात आणि मीटरचे आकडे समोर असतात. त्यावरून तेवढ्याच पाण्याला आठ-नऊ युनिट लागत असल्याचे दिसले, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून पाणी मागे येत आहे, पंपाचे आतले पाते झिजले आहे किंवा नळात गाळ साचला आहे, असे समजून प्लंबरला बोलवावे. नवीन पंपाचे कोटेशन त्यानंतर.

गच्चीवर मोठी टाकी असूनही सर्वांत वरच्या मजल्यावर शॉवर नीट का चालत नाही?

पाण्याचा दाब टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, त्याच्या प्रमाणावर नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो असतो. शॉवर पाण्याच्या पातळीपासून तीन मीटर खाली असेल, तर त्याला ०.३ किलोच दाब मिळणार, टाकी दहा हजार लिटरची असो वा पन्नास हजारांची. टाकी उंच चौथऱ्यावर नेणे किंवा वरच्या दोन मजल्यांसाठी बूस्टर पंप लावणे एवढेच उपाय आहेत. खालच्या मजल्यांची अडचण उलटी असते. साठ मीटर उंचीच्या टॉवरमध्ये तळमजल्याच्या नळावर सहा किलोपर्यंत दाब येतो आणि नळांचे वायसर टिकत नाहीत, म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

नवी मुंबईला पाणी देणारे मोरबे धरण भरलेले असतानाही नळाला पाणी कमी येते. महापालिका खोटे सांगते का?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण एक साठा आहे आणि दुसरा प्रवाह. धरणातील पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये मोजतात आणि शहराला होणारा पुरवठा दशलक्ष लिटर प्रतिदिन या एककात. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाची क्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर आहे आणि भोकरपाडा येथील शुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर. भागाकार केला तर सव्वाचारशे दिवसांचे पाणी दिसते. प्रत्यक्षात तळाशी राहणारा मृतसाठा आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन वजा करावे लागते. शिवाय धरणात कितीही पाणी असले, तरी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिनीचा व्यास आणि आपल्या सेक्टरचा जलकुंभ यांतून दिवसाला जेवढे जाऊ शकते तेवढेच नळाला येते.

बातम्यांत मोरब्याची पूर्ण पातळी ८८ मीटर अशी येते. ती समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. धरण ८८ मीटर खोल आहे असा तिचा अर्थ नाही. त्यामुळे पातळी ८० मीटर झाली म्हणजे ऐंशी भागिले अठ्ठ्याऐंशी, अर्थात ९१ टक्के पाणी शिल्लक आहे, हा हिशेब साफ चुकतो. दरी वरच्या बाजूला रुंद असते, म्हणून वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा कितीतरी अधिक पाणी मावते. टक्केवारी पाहायची असेल, तर ती साठ्याची पाहावी.

ठाण्याची स्थिती वेगळी आहे. तेथे महापालिकेची भातसा नदीवरील स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, मुंबई महापालिका आणि एमआयडीसी असे अनेक स्रोत आहेत. नौपाड्यात पाणी आणि दिव्यात ठणठणाट असे का, याच्या उत्तरात हा तपशील पहिल्यांदा तपासावा : आपला विभाग कोणत्या स्रोतावर आहे, आणि कपात कोणत्या स्रोताची जाहीर झाली आहे.

‘आज ४.८ मीटरची भरती’ म्हणजे रस्त्यावर पुरुषभर पाणी चढणार का?

नाही, कारण हे ४.८ मीटर रस्त्यापासून मोजलेले नसतात आणि सरासरी समुद्रसपाटीपासूनही नसतात. भरतीचे कोष्टक नाविक नकाशाच्या शून्यापासून मोजतात, आणि ते शून्य ओहोटीच्या जवळपास सर्वांत खालच्या पातळीवर धरलेले असते. मुंबई बंदरात सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणून ४.८ मीटरची भरती सरासरीपेक्षा सुमारे २.३ मीटर उंच असते. ठाणे खाडीच्या काठच्या सखल भागांसाठी तेवढेही पुरेसे आहे.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवलेला आहे. भरतीच्या वेळी खाडीची पातळी पावसाळी गटारांच्या मुखापेक्षा वर जाते, आणि तेव्हा पाऊस पडत असेल तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. तलावाच्या खाडीकडील तोंडाशी झडपा असतात. खाडीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने त्या बंद होतात, आणि भरतीच्या त्या तासांत शहरातील पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. विजेवाचून चालणारी ही योजना अत्यंत चतुर आहे, असे माझे मत आहे. तिची एकच अट आहे, ती म्हणजे तलाव खोल राहिला पाहिजे. गाळ साचला की साठवणक्षमता जाते. गाळावर कांदळवन उगवले की त्याला कायद्याचे संरक्षण लागू होते आणि गाळ काढण्यासाठी परवानग्या घ्याव्या लागतात. वाशी-बेलापूरच्या धारण तलावांची चर्चा वर्षानुवर्षे याच मुद्द्याभोवती फिरत आहे.

दोन भरतींमधले अंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे असते, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या भरती अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास येतात. कोळीवाड्यांत हे कोणाला सांगावे लागत नाही. टॉवरमध्ये सांगावे लागते.

शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे किती?

एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चार हजार चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण एकरभर आवाराच्या सोसायटीत शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर चार लाख लिटर पाणी आले. पर्जन्यजल संधारणाच्या टाकीचे माप ठरवताना हिशेब येथून सुरू करावा. हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस मानतो. हे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. ‘एवढा कोसळला आणि आकडा एवढासाच’ अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा तो पाऊस दोन दिवसांच्या नोंदींत विभागला गेलेला असतो.

लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट कशासाठी?

मुंबईत विजेवरची पहिली रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) प्रवाहावर. पुढे अनेक दशके ठाण्याची लोकलही त्याच पद्धतीवर होती. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाकडे रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि हार्बर मार्गाचे २०१६ मध्ये.

शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. एखादी गाडी वेग घेताना तीस लाख वॅट घेत आहे असे समजू. १,५०० व्होल्टवर त्यासाठी २,००० अँपिअर लागतील. २५,००० व्होल्टवर फक्त १२०. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीच तार धरली तर हानी पावणेतीनशे पटींनी कमी होते. तार हलकी चालते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात.

या दाबाचा धोका मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. घरातील वायरला स्पर्श झाला तरच झटका बसतो. या तारेच्या नुसते जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडी मारू शकते. म्हणून तारेपासून किमान दोन मीटर दूर राहण्याचा रेल्वेचा नियम आहे. फलाटावरून वरच्या पुलाकडे पाहिले, तर तारेच्या बाजूला उंच जाळ्या बसवलेल्या दिसतात. ओला पतंगाचा मांजा, लोखंडी सळई किंवा मालगाडीच्या टपावर चढलेला माणूस, तिघेही तारेसाठी जमिनीकडे जाणारा रस्ताच असतात. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात आणि त्याचा जमिनीशी संबंध नसतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ठाणे, मुंबई आणि नवी मुंबईची वीज एकदम कशी गेली?

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास पडघे आणि कळवा यांदरम्यानच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या बंद पडल्या. महानगराला बाहेरून येणाऱ्या विजेचा मोठा भाग कळव्यामार्गे येतो. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार आपोआप उरलेल्यांवर जातो, त्या मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांची संरक्षण यंत्रणा त्यांनाही बंद करते, आणि मालिका सुरू होते. देशात त्या दिवशी विजेचा तुटवडा नव्हता. वीज आणण्याचा मार्ग तुटला होता. अशा प्रसंगी मुंबई परिसरातील स्थानिक वीजनिर्मिती वेगळी काढून महत्त्वाचा भाग चालू ठेवण्याची व्यवस्था आहे, तिला आयलंडिंग म्हणतात. ती त्या दिवशी टिकू शकली नाही.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येत नसल्याने निर्मिती आणि वापर प्रत्येक क्षणी सारखे असावे लागतात. ते सारखे आहेत की नाही हे वारंवारितेवरून, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांवरून कळते. वापर वाढला की जनित्रांचा वेग किंचित घटतो आणि वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली येते. वापर घटला की ती वर जाते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी असा नियम आहे. राज्यापुरते हे संतुलन सांभाळणारे राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे.

संरचनात्मक तपासणीत आमची इमारत ‘सी-२बी’ ठरली. याचा अर्थ ती किती टक्के कमकुवत आहे?

ही टक्केवारी नाही, कृतीची वर्गवारी आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. सी-२बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी. सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. तीस वर्षांवरील इमारतींना ही तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, आणि वाशी, नेरूळ, नौपाडा, कोपरी येथील असंख्य इमारती ते वय केव्हाच ओलांडून गेल्या आहेत.

अहवालातील आकडे समजायचे असतील, तर काँक्रीटमधील सळई का गंजते ते आधी पाहावे लागेल. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो. या वातावरणात पोलादावर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपतो आणि सामू नऊच्या खाली आणतो; यालाच कार्बनेशन म्हणतात. खाडीच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड तर अल्कधर्मी काँक्रीटमध्येही तो थर फोडतात. थर गेला, पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ पोलादाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. कॉलमच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेत उभी चीर दिसते ती त्यामुळे. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक चिरा दिसायला वाईट असल्या तरी सहसा निरुपद्रवी असतात. सळईला समांतर चीर आणि तिच्याशेजारी तांबूस डाग असेल, तर मात्र थांबू नये.

कार्बनेशनची चाचणी प्रत्येक सभासदाने एकदा स्वतः पाहावी. काँक्रीटचा ताजा तुटलेला भाग किंवा यंत्राने काढलेला दंडगोल नमुना (कोअर) पुसून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. निरोगी काँक्रीट काही क्षणांत गडद गुलाबी होते. कार्बनेशन झालेला बाहेरचा पट्टा रंगहीन राहतो. हा पट्टा पट्टीने मोजायचा आणि सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणाशी ताडायचा. आवरण चाळीस मिलिमीटर आणि रंगहीन पट्टा पंधरा असेल, तर अजून अवधी आहे. पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर नुसत्या रंगरंगोटीवर केलेला खर्च वाया जाईल.

अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा काँक्रीटमधील वेग मोजतात; सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपासचा वेग उत्तम, तीनच्या खालचा चिंताजनक. हाफ-सेल चाचणीत तांबे-मोरचुदाच्या इलेक्ट्रोडशी तुलना करून सळईचा विद्युत विभव मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त मानतात. रिबाउंड हॅमर केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, आणि कार्बनेशनमुळे पृष्ठभाग अधिक कठीण होत असल्याने जुन्या इमारतीत त्याचा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. फक्त हॅमरच्या आकड्यांवर बेतलेला अहवाल स्वीकारू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. चाचण्या कोणत्या आणि किती कॉलमवर घेतल्या, ही यादी अभियंत्याकडून लेखी मागावी.

एम-२५ काँक्रीट आणि २८ दिवस यांचा काय संबंध?

दीडशे मिलिमीटरचा घन २८ दिवस पाण्यात ठेवून नंतर यंत्रात दाबतात. त्याने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसला पाहिजे, आणि शंभरात पाचांहून अधिक निकाल त्याखाली येता कामा नयेत. काँक्रीट वाळून कठीण होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक प्रक्रियेने होते. स्लॅबवर पाणी मारणे हा म्हणूनच बांधकामाचाच भाग आहे, नुसती औपचारिकता नव्हे.

लिफ्टमध्ये ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ असते. मग सहा जणांतच घंटा का वाजते?

नियमात एक व्यक्ती ६८ किलोची धरतात आणि आठ गुणिले अडुसष्ट म्हणजे ५४४. लिफ्ट माणसे मोजत नाही, वजन मोजते. सहा धडधाकट माणसे आणि किराणा मालाच्या पिशव्या मिळून ते सहज भरते. लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला प्रतिभार असतो. त्याचे वजन रिकामी केबिन अधिक निम्म्याच्या जवळपास भार एवढे ठेवतात, म्हणून अर्धी भरलेली लिफ्ट मोटारीला सर्वांत हलकी जाते. रिकामी लिफ्ट खाली आणताना मोटारीला प्रतिभार वर ओढावा लागतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा का?

येथे टन हे उष्णता बाहेर काढण्याच्या वेगाचे एकक आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, त्या दराला एक टन म्हणतात. तो सुमारे ३.५ किलोवॅट येतो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, पण वीज साधारण दीड किलोवॅटच घेतो, कारण तो उष्णता निर्माण करत नाही, इकडची तिकडे नेतो.

आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. स्पीकर निम्मे केले तर आवाज निम्मा होईल का?

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे मोजमाप गुणोत्तरांवर चालते : दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. एकसारखे दोन स्पीकर मिळून ९० डेसिबल देत असतील, तर त्यातला एक बंद केल्यावर ८७ उरतात. अंतराचा उपयोग त्याहून जास्त होतो. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल घटतात. समोरासमोर टॉवर उभे असलेल्या गल्लीत भिंतींवरून आवाज परावर्तित होत असल्याने ही घट एवढी मिळत नाही, म्हणून मंडप मैदानात आहे की दोन विंगच्या मध्ये, हे परवानगीच्या अर्जावरच नमूद करून घ्यावे.